वाफसा कुठल्या रकान्यात?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ‘अ‍ॅग्रोव्हॉक’ हा शब्दसंग्रह १९८०च्या दशकाच्या आरंभी छापील ग्रंथ म्हणून निघाला. आता तो संगणकावर आहे आणि त्यात ४०,००० हून जास्त संकल्पना आहेत. शेतीवरचे अहवाल, प्रबंध, आकडेवारी कोणत्या विषयाखाली लावायची, हे त्यावरून ठरते. रूढ अर्थाने हा कोश नव्हे. इथे प्रत्येक संकल्पनेला क्रमांक असतो. त्याखाली भाषेगणिक एक मुख्य नाव, हवी तेवढी पर्यायी नावे, आणि ती संकल्पना कशाच्या पोटात येते याची नोंद.

यात मराठीची भर घालायची म्हटली की आपला हात इंग्रजी यादीकडे जातो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश असेच झाले, आणि ते काम मोलाचे आहे. पण त्या वाटेने गेले तर यादीत जे नाहीच ते कधी येणार नाही. मला वाटते, सुरुवात तिथूनच करावी.

वाफसा घ्या. पावसानंतर काळ्या रानात लगेच वखर घातला तर ढेकळे निघतात, उशीर केला तर जमीन टणक होते. मधले दिवस वाफशाचे. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुगा झाला तर रान वाफशावर आले. मुरमाड जमिनीत ही वेळ लवकर येते आणि लवकर सरतेही. मृदाशास्त्रातली ‘क्षेत्रधारण क्षमता’ याच्या जवळची, पण ती मातीत पाणी किती धरले जाते ते सांगते. औत घालावे की नाही, हे वाफसा सांगतो. गंमत अशी, की हा शब्द आपल्या आधीच परदेशी पोचला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी जीवामृत, बीजामृत, आच्छादन यांच्या जोडीला वाफसा बसवला आणि नैसर्गिक शेतीवरच्या इंग्रजी लिखाणात तो रुळला. मात्र त्यांचा वाफसा म्हणजे मुळांभोवती हवा आणि ओलावा एकत्र असण्याची, सतत राखायची स्थिती. म्हणजे नाव एक, संकल्पना दोन. प्रस्ताव पाठवताना दोन्हींना वेगळे क्रमांक मागावे लागतील.

जागा चुकली तर काय होते, ते राबावरून कळते. कोकणात भाताचा तरवा टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळे पसरून भाजतात. राबासाठी फांद्या तोडण्यावरून ठाणे-कुलाब्यातले शेतकरी आणि वनखाते यांच्यात तंटे झाले. मुंबई सरकारच्या १८८५च्या वन आयोगापुढे हा विषय होता. उद्या कुणी राब ‘फिरती शेती’खाली टाकला, तर कायम एकाच खाचरात भात लावणारा कोकणी शेतकरी कागदोपत्री जंगल जाळणारा ठरेल.

नावांच्या भांडणात मात्र फार वेळ घालवू नये. कुळव की वखर, कोळपे की डवरा, भात की धान? राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांना आपापला शब्द प्यारा असणार. मुख्य नाव एकच घेता येते, पण पर्यायी नावांना तोटा नाही. शोधणाऱ्याला कोणत्याही नावाने तीच नोंद सापडते. ‘मल्चिंग’लाही तिथे खुशाल बसू द्यावे. कृषी सेवा केंद्रात मल्चिंग पेपरच मागतात, आच्छादन नव्हे.

खरी मेहनत व्याख्येत आहे. सावड आणि इर्जिक सरसकट ‘श्रमविनिमय’ म्हणून एकत्र बांधले जातात. सावडीत आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, असा दिवसाला दिवस फेडायचा असतो. इर्जिकीत गावातली औते एकाच्या रानात उतरतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. फेडीचा हिशेब नसतो. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक उरली कुठे, असा आक्षेप येईलच. पण जुनी गॅझेटियरे आणि गावपाहण्यांचे अहवालही याच यादीने लावायचे आहेत, तेव्हा दोन्ही शब्द पहिल्याच खेपेला, वेगवेगळ्या व्याख्यांसह जावेत.