“नको” म्हणणारे मूल

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्याकडे फराळाला चार माणसे आली होती. त्यांत यजमानांचे एक दूरचे नातलगही होते. माणूस सज्जन, मायाळू. त्यांनी आमच्या सहा वर्षांच्या धाकटीला जवळ ओढले नि म्हणाले, “काकाला पापा दे पाहू!” पोर अंग चोरून माझ्यामागे लपली.

“असं काय गं करतेस? मोठ्यांचं ऐकावं!” मी तिला चारचौघांत दटावले. शेवटी तिने पापा दिला. सगळे हसले. ती मात्र हसली नाही.

त्याच रात्री मी विद्यार्थ्यांच्या निबंधांचा गठ्ठा घेऊन बसले. आमच्या बीड जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडे दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. काही मुले आईबापांबरोबर जातात. काही आजीआजोबांजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात. अशाच एका मागे राहिलेल्या मुलीचा तो निबंध होता. लहानपणी ओळखीचा एक माणूस घरी आला, की ती आजीचा पदर सोडत नसे. त्याचे जवळ बसवून घेणे तिला नकोसे वाटे. आजी म्हणे, पोर हट्टी झाली. “मला सांगायचं होतं, पण त्याला शब्दच नव्हता,” असे तिने लिहिले होते. तिला विचारूनच हे इथे सांगते आहे.

मी मराठीची प्राध्यापिका, राहायला अंबाजोगाईत, मुकुंदराजांच्या गावी. आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही, असे वर्गात अभिमानाने सांगणारी. पण घरोघरी शरीराच्या काही भागांना “शी” याखेरीज नाव नसते. ज्याला नावच नाही, त्याची तक्रार लेकराने करायची कशी?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना त्यात प्रश्न विचारले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. त्रास देणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाच सांगितले नव्हते. परक्यापासून जपा एवढेच शिकवून भागत नाही, ते यासाठी.

मग आम्ही घरी काय केले? आंघोळ घालताना धाकटीला प्रत्येक अवयवाचे नाव सांगितले, डोळा-नाक सांगावे तितक्याच सहज. चड्डी-बनियनखालचे अंग आपले. तिथे कोणी हात लावायचा नाही. डॉक्टरांनी तपासायचे, तेही आई किंवा बाबा जवळ असताना. वाढदिवसाची भेट लपवणे ही गंमत, कारण ती पुढे उघडी होते. पण “कोणाला सांगू नकोस” असे कोणी बजावले, तर ते आधी घरी सांगायचे. आणि पापा द्यायचा की नाही, ते तिने ठरवायचे.

थोरला सातवीत आहे. त्याला धाक मित्रांचा. “सगळे करतात, तूच भित्रा!” या वाक्यापुढे भलीभली मुले वाकतात. जेवताना आम्ही त्याचा सराव केला. मी मित्र व्हायचे, पुडी पुढे करायची, त्याने म्हणायचे, “मला नको. मी चाललो.” पहिल्यांदा हसू आले, पुढे वाक्य जिभेवर बसले.

आणि मुलाने काही सांगितलेच, तर आधी म्हणावे, “सांगितलंस, चांगलं केलंस. चूक तुझी नाही.” २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलामुलींना संरक्षण दिले आहे. मुलाचे नाव जाहीर करता येत नाही. जबाब त्याच्या घरीही घेता येतो, आणि तो घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात यायचे नसते. १०९८ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मदत मागता येते.

यंदा गणपतीत ते काका पुन्हा आले. धाकटीने दुरूनच हात जोडले. “पापा नाही?” त्यांनी विचारले.

“नको,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली.

“तिला नको असेल तर राहू दे,” मी म्हटले. काका हसले, त्यांनीही हात जोडले, आणि या खेपेस धाकटीही हसली.