भंगाराचा भाव वधारला!

छिन्नी-हातोड्याऐवजी वेल्डिंगची टॉर्च हाती धरून अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथने (१९०६–१९६५) शिल्पकलेची वाटच बदलली. त्याच्या पोलादी कारकिर्दीतल्या या काही झणझणीत गोष्टी.

पहिली शाळा, कारखाना: १९२५ च्या उन्हाळ्यात तो इंडियानातल्या साउथ बेंडला स्टुडबेकर मोटारींच्या कारखान्यात राबला. धातूशी गट्टी जमली ती तिथेच.

फोटोने पेटवली ठिणगी: पिकासो आणि हुलिओ गोन्झालेझ यांनी लोखंड जोडून घडवलेल्या शिल्पांचे फोटो त्याने एका फ्रेंच कलामासिकात पाहिले. कारखान्यातलं कसब कलेतही चालतं तर! १९३३ मध्ये त्याची पहिली वेल्डेड शिल्पं तयार झाली.

पत्ता बदलला, पाटी तीच: १९३४ मध्ये त्याने ब्रुकलिनच्या धक्क्यावरच्या 'टर्मिनल आयर्न वर्क्स' या वर्कशॉपमध्ये कामापुरती जागा घेतली. पुढे बोल्टन लँडिंग या गावी मुक्काम हलवल्यावर तिथल्या स्टुडिओलाही त्याने हेच नाव दिलं.

शिल्पकार शिफ्टवर: दुसऱ्या महायुद्धात शेनेक्टडीच्या कारखान्यात तो रेल्वे इंजिनं आणि रणगाडे वेल्ड करत होता.

मोडकी अवजारं, नवा जन्म: 'अ‍ॅग्रिकोला' मालिकेत शेतीच्या जुन्या यंत्रांचे भाग आहेत, तर 'टँकटोटेम'मध्ये बॉयलरच्या टाक्यांची फुगीर झाकणं.

मागितली २, केली २७! १९६२ मध्ये स्पोलेतोच्या कला महोत्सवासाठी इटलीने त्याच्याकडे एक-दोन शिल्पं मागितली आणि जेनोआजवळच्या व्होल्त्रीतले बंद पडलेले पोलाद कारखाने त्याच्या हवाली केले. सांडश्या, चाकं, पत्र्यांचे तुकडे, कामगारांनी मागे ठेवलेली हत्यारं: खजिनाच होता तो! इटालियन कामगारांना सोबत घेऊन त्याने ३० दिवसांत २७ शिल्पं उभी केली. ती मांडली गेली स्पोलेतोच्या प्राचीन रोमन रंगमंडलात. तरी हौस फिटेना. उरलेलं सामान त्याने जहाजाने अमेरिकेला मागवलं आणि त्यातून 'व्होल्त्री-बोल्टन' मालिका घडवली.

तुकडे उचला, चित्र तयार: धातूचे तुकडे कागदावर मांडायचे, वरून रंगाचा फवारा मारायचा आणि तुकडे उचलायचे. खाली उरलेल्या पांढऱ्या आकारांतून त्याची 'स्प्रे' चित्रं साकारली.

आभाळ ओढून घेणारं स्टील: अखेरच्या 'क्युबी' मालिकेत २८ शिल्पं आहेत. स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागावर त्याने ग्राइंडरने असे फराटे ओढले की ऊन, ढग, संध्याकाळ सगळं त्यावर उमटावं. यातलं २८ वं शिल्प २००५ च्या लिलावात सुमारे २.३८ कोटी डॉलरला गेलं.

शेतातून संग्रहालयात: बोल्टन लँडिंगच्या शेतात तो शिल्पं रांगेने उभी करायचा. ती मांडणी पाहून न्यूयॉर्क राज्यातल्या 'स्टॉर्म किंग आर्ट सेंटर'ने १९६७ मध्ये त्याची १३ शिल्पं घेतली आणि मोकळ्या माळावरचं शिल्पसंग्रहालय म्हणून नाव कमावलं. न्यू जर्सी-न्यूयॉर्कमधल्या मराठी मंडळींनो, एक रविवार तिथे काढाच, आणि प्रत्येक शिल्पाला पूर्ण फेरी मारा!