जग्वार ई-टाइप की पोर्शे ९११?

ब्रिटनची जग्वार ई-टाइप १९६१ साली जिनिव्हात अवतरली. जर्मनीची पोर्शे ९११ दोनच वर्षांनी फ्रँकफर्टमध्ये. जग्वारचं ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन लांबलचक बॉनेटखाली, पाण्यानं थंड होणारं. दावा ताशी २४० किलोमीटरचा. काचेवर वायपर चक्क तीन! पोर्शेचं दोन लिटरचं इंजिन मागे, हवेनं थंड होणारं; वेग ताशी २१० च्या आसपास. किल्ली स्टिअरिंगच्या डावीकडे. नागपुरात एम्प्रेस मिल उभारणाऱ्या टाटांच्या समूहाकडे २००८पासून जग्वार आहे, त्यामुळे वैदर्भीय मन तिकडे झुकणारच. तरी भर मे महिन्यात पारशिवनीहून पेंचकडे निघायचं, तर रेडिएटरची कटकट नसलेली पोर्शेच बरी. गतिरोधकावर पोट घासायची धास्ती मात्र दोघींनाही!