काळ्या मातीतील परसबाग

वसईच्या वाडीत ज्याचे बालपण गेले त्याला भाजी पिकविणे काय शिकवावयाचे, अशी माझी समजूत होती. नोकरीच्या निमित्ताने मी बडोद्यास आलो, मकरपुऱ्यात बिऱ्हाड केले आणि घरामागे दहा हात लांब, सहा हात रुंद अशी जागा मिळाली. पहिल्याच पावसाळ्यात त्या जागेने माझा गर्व उतरविला.

आमची वसईची वाडी किनाऱ्याजवळची, रेताड. पाणी घातले की खाली निघून जाते. म्हणून वडील बावखलाचे पाणी वाफ्यांना वारंवार देत. येथील माती काळी व चिकण. भिजली की फुगते, वाळली की अशी भेगाळते की बोट सहज आत जावे. वडिलांचा धडा मी तिच्यावर जसाच्या तसा गिरविला. मिरचीची रोपे मलूल दिसू लागली म्हणून आणखी पाणी घातले! शेवटी एक रोप उपटून पाहिले, तो मुळे काळी पडून सडलेली. मुळांनाही श्वासासाठी हवा लागते. मातीतील बारीक पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरतात, त्यांना पाणी ओढता येत नाही आणि रोप पाण्यात उभे असूनही सुकते. तेव्हापासून माझा नियम असा : दोन पेरे बोट मातीत घालावे, आत ओल लागली तर झारीला हात लावू नये.

पावसाळ्यासाठी मी आता वीतभर उंचीचे गादीवाफे करतो व त्यांत कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत सढळ हाताने मिसळतो. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात अतिवृष्टी झाली व विश्वामित्रीला मोठा पूर आला, तेव्हा आमच्या परसातही पाणी साचले. सपाट वाफ्यातील गवार गेली. गादीवाफ्यावरील भेंडी मात्र तगली. मृगाच्या पावसानंतर भेंडी, गवार, चवळी लावावी. दोडका, कारले व दुधी मांडवावर चढवावे. दुधीची बाळफळे पिवळी पडून गळतात, अशी तक्रार पुष्कळांची असते. पुष्कळदा कारण परागीभवन न होणे हे असते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. त्या वेळी नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाला, म्हणजे ज्याच्या देठाशी चिमुकले फळ दिसते त्याला, हलकेच लावावा. मुलांना हे काम फार आवडते. वर्गातील वनस्पतिशास्त्र त्यांना एका संध्याकाळी उमगते.

खरी मौज हिवाळ्याची. वांगी, टोमॅटो व फ्लॉवर यांची रोपे सप्टेंबरात तयार करून ऑक्टोबरात लावावी. मेथी चार-पाच दिवसांत उगवते व महिन्याभरात ताटात येते. धणे मात्र अख्खे पेरू नयेत. हलके रगडून त्यांच्या दोन डाळ्या कराव्या, आणि उगवायला आठ-दहा दिवस लागले तर धीर सोडू नये. पापडीच्या शेंगा उत्तरायणाच्या उंधियूला उपयोगी पडतात. तिच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र साठते, म्हणून वेल संपला की मुळे जमिनीतच राहू द्यावी. वांगी, टोमॅटो, मिरची ही एकाच कुळातील भावंडे. एकाच वाफ्यात पाठोपाठ लावल्यास एकाचा रोग दुसऱ्यास जडतो. मावा पडला तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, सायंकाळी फवारावी.

उन्हाळ्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. पारा चाळिशीपार गेला की मी जुन्या लुगड्याची सावली करतो, पाचोळ्याचे आच्छादन घालतो आणि तांदुळजा व घोळ यांवर समाधान मानतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आमच्या भागात कारखाने पुष्कळ. एकदा भरावासाठी स्वस्तात मिळालेली माती मी ट्रॅक्टरभर घेतली. पहिल्या सरीबरोबर तिला तेलाचा वास सुटला आणि पाण्यावर रंगीत तवंग आला. पैसे वाया गेले, तरी ती सारी माती मी काढून टाकविली. शिसे, कॅडमियम असे जड धातू मातीत वर्षानुवर्षे राहतात आणि पालेभाज्यांत व कंदांत ते फळभाज्यांपेक्षा अधिक उतरतात. धुऊन अथवा शिजवून ते जात नाहीत. मातीचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर पालेभाजी खात्रीच्या मातीच्या कुंडीतच लावावी.

दरवर्षी वेलावरचा एक दुधी मी खाण्यासाठी तोडत नाही. संकरित बियाण्याचा नव्हे, गावठी. संकरिताच्या पुढच्या पिढीचा भरवसा नसतो. तो वाळून हलका झाला की हलविताच आत बी खुळखुळते. निम्मे बी राखेत घोळून डब्यात ठेवतो, निम्मे पुडीत बांधून वसईस आईकडे पाठवितो. गेल्या खेपेस तिचा निरोप आला : वेल चांगला चढला आहे, पण तुमच्या काळ्या मातीच्या बियाला तहान फार लागते हो.