सगळेच जॉर्ज

नाशिकला गोदाकाठच्या उपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की ते बरोबर वही काढतात. अमेरिकेत रेल्वेच्या दप्तरात पणजोबा शोधायला गेलात, तर आधी विचारतात, ‘कंपनी कुठली?’ ‘रेल्वेत होते’ एवढ्याने भागत नाही. तिथे शेकडो खासगी कंपन्या होत्या; एक दुसरीला गिळायची, तिसरी बुडायची, आणि कागद नशिबावर.

उदाहरणाला घेऊ पुलमन कंपनी. तिचं दप्तर शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. कंपनीचा इतिहास सगळीकडे मिळतो: जॉर्ज पुलमनने १८६७ साली ती काढली, झोपायच्या आलिशान डब्यांवर पैसा केला, कामगारांसाठी स्वतःच्या नावाचं गाव वसवलं आणि १८९४ च्या संपात ते नाव काळवंडलं. मला त्याहून जास्त खिळवलं डब्यातल्या पोर्टरने.

हा पोर्टर म्हणजे आपला हमाल नव्हे. बिछाने घालायचे, रात्री उतारूंचे बूट चमकवायचे, पहाटे ज्याच्या त्याच्या स्टेशनाआधी त्याला उठवायचं, हे त्याचं काम. बुटांचं पॉलिशसुद्धा स्वतःच्या पैशाने. महिन्याला जवळजवळ चारशे तास राबणं होई, आणि पगार असा, की बक्षिशीवाचून घर चालू नये. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनाच पुलमनने या कामावर मुद्दाम घेतलं. उतारू त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणत. मालकाच्या नावाने गुलामाला हाक मारायची जुनी खोड, दुसरं काय! विसाव्या शतकाच्या विशीत कुणी मोजदाद केली, तर सुमारे १२,००० पोर्टर आणि वाढप्यांत खरे जॉर्ज ३६२ निघाले.

डब्यात पुसलेलं नाव कंपनीच्या कचेरीत मात्र नीट लिहिलेलं असे. त्यात आदर कसला? हरवलेल्या टॉवेलचे पैसे कुणाच्या पगारातून कापायचे, हे कळायला नको? पण त्या हिशेबीपणाचं मोल आज मोठं आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावंच नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग, बस्स. बहुतेकांचं नाव जनगणनेत प्रथम येतं ते १८७० साली. त्यामुळे नोकरीच्या कागदावर जन्मगाव सापडलं, तर १८७० च्या त्या भिंतीपलीकडे डोकवायला फट मिळते.

दुसरी वाट सरकारी आहे. रेल्वे कामगारांचं पेन्शन तिथे वेगळ्या मंडळाकडे असतं, तेही शिकागोतच. १९६३ पर्यंत त्यांचे सामाजिक सुरक्षा क्रमांकही वेगळे, ७०० ते ७२८ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होणारे. आजोबांच्या जुन्या कागदावर असा क्रमांक दिसला, की ते रेल्वेचे हे जवळपास नक्की. या मंडळाच्या फायलींतला मला सर्वांत आवडलेला कागद म्हणजे १९३७ पूर्वीच्या नोकरीचा तक्ता. पेन्शन मोजायला जुनी वर्षं धरायची होती, म्हणून कामगाराकडूनच भरून घेतलेला: कुठली कंपनी, कुठलं ठाणं, काय काम, कधीपासून कधीपर्यंत. कंपनीच्या खतावणीत तो एक खर्च असतो. इथे आपली हयात तो स्वतः सांगतो.

आता अडचणी, आणि त्या फार आहेत. १९३७ च्या आधीच रेल्वे सोडलेल्यांची फाईल या मंडळाकडे नाही. मृतांच्या बऱ्याच जुन्या फायली अटलांटाजवळच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या आहेत आणि तिथे नुसत्या नावावर शोध अडतो, क्रमांक लागतो. पुलमनचं दप्तरही सलग नाही. दुसऱ्या कंपन्यांचीही तीच गत: पेन सेंट्रल ही रेल्वे कंपनी १९७० साली दिवाळखोरीत गेली, त्यानंतर तिच्या पोटातल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे कागद अनेक संस्थांत विखुरले.

वयाचा घोळ तर विचारू नका. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत राज्यभर जन्मनोंदणी १९१० नंतरच आली, तेव्हा एकाच माणसाची दोन कागदांवर दोन जन्मवर्षं निघाली तर नवल नाही. बडतर्फीची कारणं जपूनच वाचावीत. पोर्टरांची युनियन १९२५ साली निघाली आणि कंपनीने तिच्याशी करार केला १९३७ साली. मधल्या बारा वर्षांत युनियनपायी कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. शेरा लिहिणारा हात कंपनीचाच होता.

म्हणून सुरुवात रेल्वेच्या दप्तरापासून करूच नये. पहिल्या महायुद्धातलं, १९१७-१८ चं सैन्यभरती नोंदणीचं कार्ड आधी काढावं. त्यावर मालकाचं नाव असतं. तिथे पुलमन असेल तर न्यूबेरीला पत्र लिहावं. दुसरी कंपनी असेल तर ती पुढे कुणाच्या पोटात गेली, याचा माग काढत बसावं लागतं.