शेवटच्या नळाचं पाणी

ओटी टेस्टची बाटली खिशात मावेल एवढी असते. नळ दोन-तीन मिनिटं मोकळा सोडायचा, काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि नळी हलवायची. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग चढतो. तो रंग रंगपट्टीवरच्या छटांशी ताडून आकडा ठरवायचा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 सांगतं की, घरात येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. साथ असेल तर 0.5.

"टाकल्या टाकल्या बघायचं, ताई. मागनं पिवळं झालं तर ते धरायचं नाही," बोईसरच्या पश्चिमेकडच्या एका गावातले जलसुरक्षक मला म्हणाले. त्यांच्या या एका वाक्यामागे सगळं रसायनशास्त्र आहे. मोकळा क्लोरीन पहिल्या काही सेकंदांतच रंग देतो. अमोनियाशी किंवा इतर घाणीशी आधीच बांधला गेलेला क्लोरीन सावकाश रंगतो, आणि जंतू मारायला तो फारसा कामाचा नसतो. घाईघाईत नळी बाजूला ठेवून रजिस्टर भरायला घेतलं आणि पाच मिनिटांनी रंग पाहिला, तर वाईट पाणीही चांगलं ठरतं. हे काम करणाऱ्या माणसाच्या शिस्तीवर किती अवलंबून आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

टाकीखालच्या नळाला नळी चांगली पिवळी झाली. बाजाराच्या चौकात रंग उतरला. शेवटी आम्ही खाडीकडच्या वाडीत गेलो, जिथे मेन लाइन संपते. तिथल्या काकूंनी हंडे भरून झाल्यावर नळ आमच्या हवाली केला. थेंब टाकले, नळी उजेडाकडे धरली. पाणी होतं तसंच, पांढरं स्वच्छ. दिसायला सगळ्यात निर्मळ पाणी तेच होतं आणि रजिस्टरात त्याच्यापुढे "निरंक" लिहावं लागलं.

पालघर-बोईसरच्या पाण्याबद्दल बोलताना आपण धरणापासून सुरुवात करतो. ते चूक नाही. सूर्या नदीवरचं धामणी धरण, त्याच्या खालचा कवडास बंधारा, मासवणला नदीतून होणारा उपसा, वाघोबा खिंडीतलं जलशुद्धीकरण केंद्र: पालघर शहर आणि आसपासची 26 गावं याच वाटेवर उभी आहेत. याच नदीचं 403 दशलक्ष लिटर पाणी रोज वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला न्यायची योजना आखली गेली, आणि ज्यांच्या शेतीसाठी धरण बांधलं त्या आदिवासी गावांचं काय, हा प्रश्न इथे वर्षानुवर्षं विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे. पण पाणी किती मिळतं यावर जेवढी भांडणं होतात, त्याच्या शतांशानेही पाणी कसं मिळतं यावर होत नाहीत.

शुद्धीकरण केंद्रात काय होतं ते तसं सरळ आहे. नदीचं पाणी पायऱ्यांवरून उड्या घेत खाली येतं, हवा मिसळते. तुरटी किंवा पीएसी (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड) टाकून गढूळपणाचे कण एकत्र आणले जातात, ते तळाशी बसतात, वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळलं जातं आणि मग क्लोरीन. कसोटी लागते ती पहिल्या पावसात. नदी एका रात्रीत लाल होते आणि कालची तुरटीची मात्रा आज चालत नाही. म्हणून जार टेस्ट करतात: ओळीने ठेवलेल्या काचपात्रांत तेच पाणी, प्रत्येकात वेगळी मात्रा, सगळी एकाच वेगाने ढवळायची, थांबायचं आणि कुठल्या पात्रात गुठळ्या नीट बसल्या ते पाहायचं. गढूळपणा पुरता गेला नाही तर पुढचा क्लोरीन वाया जातो, कारण मातीच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत तो पोचतच नाही. मानकाप्रमाणे गढूळपणा 1 एनटीयूच्या आत हवा, दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत.

केंद्राच्या फाटकातून बाहेर पडलेलं पाणी बहुतेक वेळा पिण्याजोगं असतं. बिघडतं ते पुढे.

आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. ते "सोडतात". व्हॉल्वमन टी आकाराची लांब चावी घेऊन येतो, खड्ड्यातला व्हॉल्व फिरवतो आणि एका भागाला पाणी सुरू, दुसऱ्याचं बंद. पाण्याने भरलेला पाइप आतून बाहेर जोर लावत असतो, म्हणून सांधा जरा ढिला असला तरी पाणी बाहेरच झिरपतं. पाणी बंद झालं की उतारावरच्या नळांतून पाइप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते. आता त्याच ढिल्या सांध्यातून बाहेरचं आत येतं. शेजारून गटार जात असेल तर गटाराचं, खाडीकाठी असेल तर खारं. त्यात कुणी थेट लाइनला टुल्लू पंप लावला की ओढ आणखी वाढते. आपल्याला बादली लवकर भरायची असते, आणि त्या पंपाने वरच्या गल्लीतली घाण आपल्याबरोबर शेजाऱ्याच्याही हंड्यात ओढली जाते. पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सोडून द्यायची जुन्या बायकांची सवय म्हणूनच शहाणपणाची आहे. तेवढ्या पाण्यात रात्रभरचं सगळं वाहून येतं. त्या पाण्याने अंगण धुवावं, भांडी नकोत.

वाटेत जे काही आत शिरतं, त्याच्याशी लढायला पाण्यात एकच शिपाई असतो, तो शिल्लक क्लोरीन. काकूंच्या नळाला तो संपलेला होता, याचा अर्थ पाण्यात जंतू होतेच असा नाही. एवढाच की असते तर त्यांना अडवणारं काही उरलं नव्हतं.

हे किती महाग पडू शकतं ते पुण्याने दाखवलं. जानेवारी 2025मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोमचे) रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली ताकद जाणारी, काहींना थेट व्हेंटिलेटरपर्यंत नेणारी व्याधी. तपासणीत अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. शहरालगत वाढलेली, नुकतीच महापालिकेत आलेली गावं, विहिरीवरून होणारा पुरवठा आणि पुरेसा नसलेला क्लोरीन. हे वर्णन बोईसरलाही लागू पडेल, याची मला काळजी वाटते. बोईसर शहराएवढं पसरलं तरी त्याचा कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्याच हाती राहिला. चाळी, इमारती, कामगारांच्या खोल्या वाढल्या. पाइप मात्र ज्याने त्याने आपापल्या सोयीने ओढले.

जलसुरक्षकांनी मला टीसीएलची गोणीही दाखवली. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा क्लोरीन असतो. हजार लिटरला 5 ग्रॅम हा गावोगावचा हिशेब त्यावरच बेतलेला. पण ही पावडर ओल ओढते आणि तिच्यातला क्लोरीन उडून जातो. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत, जुलै-ऑगस्टमध्ये तोंड उघडं राहिलेली गोणी महिन्याभरात निम्मी मेलेली असते. हिशेब तोच, चमचा तोच, पाण्यात पडतो तो बहुतांशी चुना. म्हणून ते पावडर झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये भरून लाकडी फळीवर ठेवतात, आधी एका बादलीत कालवून चुना खाली बसू देतात आणि वरचं निवळ तेवढंच टाकीत ओततात. मग अर्धा तास थांबायचं. "लोक खाली ओरडतात, सोड रे पाणी. पण अर्धा तास म्हणजे अर्धा तास," ते म्हणाले. त्यांना मिळणारं मानधन आणि त्यांच्यावर असलेली जबाबदारी यांचा मेळ कसा घालायचा ते मला कळत नाही. गावाला जुलाब लागले तर पहिलं बोट त्यांच्याकडे वळतं.

आता या भागाची दुसरी गोष्ट, जी ओटीच्या बाटलीत मावत नाही.

तारापूर औद्योगिक क्षेत्रात रंग, औषधं, कीटकनाशकं, कापड, पोलाद असे सगळ्या तऱ्हेचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात सर्वांत वर होतं, म्हणजे सर्वांत वाईट. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं सामाईक केंद्र रोज 25 दशलक्ष लिटरचं होतं आणि येणारं पाणी त्याहून जास्त. नंतर 50 दशलक्ष लिटरचं नवं केंद्र उभं राहिलं. तोवर खाड्या, शेतं आणि जमिनीखालचं पाणी यांनी जे सोसायचं ते सोसलं होतं. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं आणि जानेवारी 2022मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर भरपाई बसवली. कुंभवली, कोलवडे, सालवड, नवापूर या बाजूला रंग आलेल्या, वास मारणाऱ्या विहिरींच्या तक्रारी जुन्या आहेत. ज्या गावांत पिढ्यान् पिढ्या विहिरीचं पाणी प्यायले, तिथे आता नळाला पाणी आलं नाही तर टँकर बघावा लागतो.

अशा विहिरीत टीसीएल टाकून ओटी केली तर नळी छान पिवळी होईल, आणि ते पाणी तरीही पिऊ नये. क्लोरीन जंतूंना मारतो. द्रावकं, रंगांचे अंश, जड धातू यांना तो हात लावत नाही. फिनॉल असेल तर उलट तोच क्लोरीन त्याच्याशी जुळून दवाखान्यासारखा उग्र वास तयार करतो. मानकात फिनॉलची मर्यादा लिटरमागे 0.001 मिलिग्रॅम आहे, इतकी बारीक. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना प्रशिक्षण देऊन जो तपासणी संच दिला जातो, त्यात सामू, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह पाहता येतं. त्या बायका हे काम मन लावून करतात आणि ते मोलाचं आहे. पण कारखान्याचं रसायन त्या संचाला दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते, आणि कुठला कारखाना काय सोडतो हे ठाऊक असलेल्या माणसाने काय शोधायचं ते प्रयोगशाळेला सांगावं लागतं. तारापूरच्या आसपासच्या गावांना "पाणी पिण्यायोग्य" असा एका ओळीचा दाखला देणं मला म्हणूनच पटत नाही. कुठल्या गोष्टीसाठी तपासलं, ते त्याच कागदावर लिहिलेलं हवं.

भीती खरी असली की तिच्यावर धंदाही उभा राहतो. इमारतींमधून आरओ विकणारे फिरतात. ते नळाच्या पाण्यात दोन सळया बुडवतात, वीज सोडतात आणि पाणी क्षणात तपकिरी होतं. घरातल्या माणसाला धसका बसतो. ती घाण पाण्यातली नसते, सळईचं लोखंड विरघळून आलेली असते. टीडीएस मीटरही असाच. तो विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. सूर्येचं पाणी मुळात हलकं. लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्याला आरओ लावू देऊ नये, असं हरित लवादाने 2019मध्येच म्हटलं होतं. वर आरओ शिल्लक क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्याचा तोही आधार जातो. ज्यांच्याकडे आरओ नाही, त्या कामगारांच्या खोल्यांवर वीस लिटरचे थंड जार येतात. ते पाणी थंड असतं एवढंच खात्रीने सांगता येतं. नळाचं पाणी फडक्याने गाळून खळखळून उकळलं तर जंतूंपुरतं त्याहून बरं.

जंतू आहेत की नाहीत, हे खरोखर पाहायचं तर नमुना घेण्याची रीत कडक आहे. निर्जंतुक बाटलीत आधीच थोडं थायोसल्फेट असतं. पाण्यातला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहिला तर अहवाल खोटा चांगला येईल, म्हणून तो तिथेच थांबवायचा. बाटली विसळायची नाही. पुष्कळजण सवयीने विसळतात आणि ते औषधच ओतून देतात. धातूचा नळ स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्यायचा, झाकण जमिनीवर ठेवायचं नाही, बाटली काठोकाठ भरायची नाही, बर्फाच्या पेटीत घालून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची.

मी आमच्या इमारतीत सोपी वाट धरली, एच-टू-एस वायल. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची. एक-दोन दिवसांत काळी पडली तर विष्ठेतल्या जंतूंचा संशय धरायचा. रस्त्यावरून येणाऱ्या जोडणीची वायल तशीच राहिली. जमिनीखालच्या टाकीची दुसऱ्या दिवशी सकाळी काळी कुळकुळीत. झाकण उघडून पाहिलं तर टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप गटाराच्या काठाला टेकलेला होता. जोराच्या पावसात गटार भरलं की उलटं आत यायची पुरी सोय. सोसायटीच्या बैठकीत यावर बराच वेळ खर्चाचीच चर्चा झाली. मग एका आजींनी ती काळी वायल मागून घेतली आणि सगळ्यांपुढे फिरवली. पाइप उंच घेतला, टाकी घासली, टीसीएलचं पाणी रात्रभर भरून ठेवून सोडून दिलं. नव्या वायलमध्ये टाकीचं पाणी काळं पडलं नाही.

सी विंगच्या चौथ्या मजल्यावर मात्र ओटीला अजून रंग येत नाही. जमिनीखालच्या टाकीत येतो, तिथे येत नाही. गच्चीवरच्या टाकीत गाळ असेल, नाहीतर मधल्या पाइपाला आतून थर बसला असेल. प्लंबर गच्चीवरची टाकी उघडायला सोमवारी येणार आहे. तोवर त्या मजल्यावरच्या चारही घरांना पिण्याचं पाणी उकळून घ्यायला सांगितलं आहे.