माथेरानला पुन्हा गेलो, या वेळी पाहुणा म्हणून!

थंड हवेच्या ठिकाणी सहलीला जाणे ही गोष्ट आपल्या घरांत अजून थोडी नवीच आहे. आपण प्रवास केला तो दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला, लग्नकार्याला, मयतीला, आणि सर्वांत जास्त पोटासाठी! पोटासाठी केलेल्या प्रवासात आपल्या माणसांनी अनेक सुंदर गावे पाहिली. पण पाहिली म्हणजे काय, तर तेथे घाम गाळला. गाव कसे आहे ते बघायला मान वर करायची सवड कोणाला होती?

माझे मामा औंढा तालुक्यातले. कोरडवाहू दोन एकरांत भागेना म्हणून माथेरानला गेले आणि तेथे सोळा हंगाम त्यांनी हातरिक्षा ओढली. पावसाळ्यात गावी पेरणीला यायचे आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा डोंगर चढायचे. मी स्वतः १९९८ च्या उन्हाळी सुट्टीत दीड महिना त्यांच्याच रिक्षाला मागून ढकलले. बारावी झाली होती, बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचा होता आणि फीचे पैसे घरात नव्हते. त्यानंतर सत्तावीस वर्षे मी त्या डोंगराकडे फिरकलो नाही. डिसेंबर २०२५ मध्ये गेलो तो मामा, मामी, पत्नी आणि मुलगी यांना घेऊन; खिशात परतीची तिकिटे ठेवून, पाहुणा म्हणून! त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि मनात जे आले, ते वाचकांपुढे ठेवतो.

तेव्हाची वाट आणि आताची वाट

१९९८ साली हिंगोली हा जिल्हा नव्हता. आम्ही परभणी जिल्ह्यात मोडत होतो. हिंगोली वेगळी झाली १ मे १९९९ रोजी. हिंगोलीहून पूर्णेपर्यंत मीटर गेजची छोटी गाडी, तेथून मुंबईच्या गाडीत दाराजवळ बसून कल्याण, आणि कल्याणहून कर्जतच्या लोकलने नेरळ. नेरळहून आम्ही पायी चढलो होतो. डोक्यावर वळकटी, हातात भाकरीचे गाठोडे.

आता मुंबईची जनशताब्दी २०२४ पासून हिंगोलीपर्यंत येते. भल्या पहाटे बसलो आणि दुपारनंतर कल्याणला उतरलो. रात्र नेरळला काढली. सकाळी भाड्याच्या गाडीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर पोचलो. मोटारीची हद्द येथे संपते. माथेरानमध्ये रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर मोटारीला बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामुळे झाडी राहिली, हवा राहिली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मोटार नाही म्हटल्यावर सामान कोण नेणार? म्हाताऱ्या माणसाला, आजाऱ्याला, आणि ज्याला पैसे असून चालायचा कंटाळा आहे त्याला कोण नेणार? घोडा नेणार, नाहीतर माणूस नेणार!

गाव कोणी वसवले?

पुस्तकांत लिहिलेले असते की १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरान शोधून काढले. आता या डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकूर आणि कातकरी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून राहत होते. त्यांना तो डोंगर हरवला नव्हता, मग शोधला कोणी? असो! साहेबांनी बंगले बांधले, मुंबईचे धनिक आले. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने खर्च करून नेरळ ते माथेरान अशी २१ किलोमीटरची छोटी रेल्वे बांधली. ती १९०७ साली सुरू झाली. २००५ च्या अतिवृष्टीत तिचा मार्ग वाहून गेला आणि दोन वर्षे गाडी बंद राहिली. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झाले. ती पूर्ण मार्गावर धावायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

याच माथेरानात १९१२ साली एका न्हाव्याच्या घरी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. शिकून वकील झाले. गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या चालवल्या आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीने हुतात्मा झाले. भाई कोतवाल या नावाने लोक त्यांना ओळखतात. माझ्या मुलीला मी हे मुद्दाम सांगितले. थंड हवेचे ठिकाण म्हणजे नुसते बंगले आणि चिक्की नव्हे, तेथेही कष्टकऱ्यांचा इतिहास असतो, हे मुलांना कळले पाहिजे.

तीन माणसांची एक रिक्षा

हातरिक्षा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन मोठी चाके, मध्ये बैठक, पुढे दोन दांड्या. एक माणूस दांड्यांमध्ये उभा राहून ओढतो आणि चढाला मागून दोघे ढकलतात. लोकांना वाटते, चढ अवघड. चढ अवघड नसतो, उतार अवघड! उतारावर गाडा माणसाच्या अंगावर येतो. मागच्यांनी पाय रोवून तो धरून ठेवायचा असतो. लाल मातीत, जांभ्या दगडावरून पाय घसरला की गुडघा फुटलाच.

गाडा आमच्या मामांच्या नावावर नव्हता. परवाना दुसऱ्याचा. दिवसाच्या कमाईतून आधी त्याचा वाटा निघायचा आणि उरलेले आम्ही तिघे वाटून घ्यायचो. हॉटेलच्या व्हरांड्यात आम्हाला उभे राहता येत नसे. गिऱ्हाईक आत जेवायचे आणि आम्ही बाहेर झाडाखाली. एकदा एका गिऱ्हाइकाने लेकराला सांगितलेले मी कानांनी ऐकले, "अभ्यास केला नाहीस तर असा गाडा ओढावा लागेल." ते लेकरू माझ्याकडे बघत राहिले. मी तर फीसाठी, म्हणजे अभ्यासासाठीच गाडा ढकलत होतो! त्या दीड महिन्याच्या पैशातून माझी फी भरली गेली. आज मी टेबलाशी बसून फायली हलवतो, त्या खुर्चीचा एक पाय माथेरानच्या लाल मातीत रोवलेला आहे.

न्यायालयाने काय सांगितले

मध्यंतरी बरेच घडले. हातरिक्षा ओढणारांच्या संघटनेने ई-रिक्षेची मागणी धरून न्यायालयात वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा धावल्या. पुढे वीस ई-रिक्षांना मुभा मिळाली. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने निकाल दिला: माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे, ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा!

नुसते बंद करा म्हणून न्यायालय थांबले नाही. ओढणाराच्या पोटाचे काय, हेही त्याने पाहिले. गुजरातेत केवडियाला जशा ई-रिक्षा चालवतात त्या धर्तीवर सरकारने त्या घ्याव्यात आणि खऱ्या हातरिक्षा ओढणारांना भाड्याने चालवायला द्याव्यात. खरे ओढणारे कोण ते जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने ठरवावे. गरजेप्रमाणे उरलेल्या रिक्षा आदिवासी स्त्रियांना आणि इतर गरजूंना द्याव्यात. आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असे बजावले. १९८० साली अमृतसरच्या सायकल-रिक्षावाल्यांच्या खटल्यातही याच न्यायालयाने कष्टकऱ्यांच्या प्रतिष्ठेचा विचार केला होता. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी माथेरानात माणूस माणसाला ओढतोच आहे, याची खंत या निकालात आहे. बाबासाहेबांनी संविधानात सामाजिक व आर्थिक न्यायाचे जे अभिवचन लिहिले, ते दस्तुरी नाक्यावर पोचायला पाऊणशे वर्षे लागली!

दस्तुरी नाक्यावरचा प्रश्न

आम्ही गेलो तेव्हा त्या मुदतीचे साधारण दोन महिने उरले होते. नाक्यावर ई-रिक्षांसाठी रांग होती. मामींचे गुडघे दुखतात. तेवढ्यात एक हातरिक्षावाला पुढे आला. तिशीचा असेल. म्हणाला, "आजीला न्या ना साहेब, रांगेत कशाला उभ्या करता? सकाळपासून भवानी नाही."

मी गप्प झालो. 'साहेब' मला म्हणत होता तो! बसवले तर आपल्याच माणसाच्या पाठीवर बसल्यासारखे. नाही म्हणावे तर त्याच्या घरच्या संध्याकाळच्या चुलीचे काय? तत्त्व आणि पोट असे समोरासमोर उभे राहिले की आपल्यासारख्या कार्यकर्त्याची जीभ अडखळते. भाषणात हा प्रश्न सोपा असतो, नाक्यावर नसतो.

मामीच बोलल्या. "मी नाही बसायची रं बाबा. ह्यांच्या खांद्याचे घट्टे मी सोळा वर्षं तेल लावून चोळलेत."

मामा त्या पोराजवळ गेले. त्याचा हात हातात घेऊन तळवा बघितला. विचारले, "गाडा तुझ्या नावावर आहे का?"

"नाही बाबा. मालकाचा."

"मग यादीत तुझं नाव आहे का?"

त्या पोराने मान हलवली. नाही.

वाचकहो, मी कारकून आहे. रजिस्टरात नाव असणे आणि नसणे यांतला फरक मला चांगला ठाऊक आहे. माथेरानात परवाने होते ९४ हातरिक्षांचे. एका रिक्षेला तीन माणसे धरली तर हिशेब होतो २८२ माणसांचा. म्हणजे प्रत्येक परवान्यामागे दोन पाठी अशा, की ज्यांचे नाव परवान्यावर नाही. न्यायालयाचा शब्द 'खरे ओढणारे' असा आहे, नुसते 'परवानाधारक' असा नाही. हा शब्द फार मोलाचा आहे. पण कागदावरचा शब्द आपोआप कोणाच्या दारी जात नाही. हंगामाला येणारा, गाव सोडून आलेला, दुसऱ्याचा गाडा ओढणारा माणूस यादी होताना हजर नसतो. तो चढावर असतो!

मी त्या पोराला दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुझ्यासारख्या सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दोन, किती हंगाम काम केले याचे जे पुरावे असतील ते जपा. रेशनकार्ड, ओळखपत्र, हॉटेलवाल्याची चिठ्ठी, जुना फोटो, काहीही चालेल. अर्जाचा मसुदा मी तेथेच वहीच्या कागदावर लिहून दिला. मामांनी आमच्या पिशव्या त्याच्याकडे दिल्या आणि मजुरी ठरवून सामान न्यायला सांगितले. यामुळे माझ्या मनाचे समाधान झाले का? पूर्ण झाले नाही. पण त्या क्षणी दुसरे काही सुचले नाही.

तासाभराने आम्हाला ई-रिक्षा मिळाली. चालवणारा पूर्वी हातरिक्षा ओढणारा निघाला. मामा त्याच्या शेजारी बसले. जुना मोठा चढ आला तेव्हा मामांनी नकळत पाय फळीवर घट्ट रोवले. गाडी सरकन वर गेली. मामा हसले आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

मान वर करून

दुसऱ्या दिवशी बाजाराजवळच्या एका पॉइंटवर आम्ही हळूहळू चालत गेलो. ई-रिक्षा आतल्या पॉइंटांपर्यंत जात नाहीत. खाली दरी, पलीकडे डोंगरांच्या रांगा, तळाशी शेते आणि वाड्या. माझ्या मुलीने विचारले, "आबा, तुम्ही तर हे रोज बघत असाल!"

मामा म्हणाले, "नाही बेटा. गिऱ्हाईक बघायचं. मी रिक्षा धरून मागं उभा राहायचो. येताना-जाताना डोळे जमिनीवर. दगड कुठं आहे, खड्डा कुठं आहे, तेवढं माथेरान मला पाठ आहे."

सोळा हंगामांनंतर मामांनी माथेरान पहिल्यांदा पाहिले ते अडुसष्टाव्या वर्षी. मामी शेजारी बसून त्यांना विचारत होत्या, हा डोंगर कोणता, तो कोणता. मामांना एकाचेही नाव सांगता आले नाही.

बांधवांनो आणि भगिनींनो, सहलीला अवश्य जा. वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकून लेकराबाळांना घेऊन जा. घरच्या म्हाताऱ्यांना तर नक्की न्या. ज्या गावात त्यांनी मजुरी केली असेल त्याच गावात न्या. तेथे ओझे वाहणारा भेटला तर भाव पाडून घेऊ नका. त्याला नावाने हाक मारा. आणि दोन मिनिटे थांबून मामांनी विचारले तेच विचारा: "यादीत तुझं नाव आहे का?" नसेल तर आपल्यापैकी ज्याला लिहिता येते, त्याने खिशातला पेन काढावा.